आपल्याला काय कळतंय त्यातलं?

मराठी माणूस मत द्यायला सहसा संकोचत नाही. नाटकाच्या पहिल्या अंकाचा पडदा पडला की चहाचा कप हातात येईपर्यंत तो नटाच्या आवाजापासून नेपथ्यापर्यंत सगळ्याचा निकाल लावून मोकळा होतो. गाणे ऐकून आला तर 'आज बुवांचा आवाज काही लागला नाही' असे पान जुळवता जुळवता सांगतो. क्रिकेटचे तर विचारूच नका. पण याच माणसाला एखाद्या चित्रसंग्रहालयात नेऊन उभे करा. त्याचा आवाज आपोआप खाली येतो, हात पाठीमागे बांधले जातात, आणि चालता चालता दहा-वीस चित्रे नजरेखालून घातली की तो हळूच म्हणतो, "छान आहे सगळं. पण आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की आता त्याचे मला कुतूहल वाटू लागले आहे. भैरवी ऐकून ज्याचे डोळे पाणावतात त्याला भैरवीतले कोमल स्वर मोजून दाखवता येतातच असे नाही. तरी 'मला गाण्यातले कळत नाही' म्हणून तो मैफलीतून उठून जात नाही. मग चित्रापुढेच एवढा परकेपणा का? मला वाटते, गाणे आपल्याला घरी भेटते. देवळात, लग्नात, रेडिओवर भेटते. अस्सल चित्र मात्र भेटते ते संग्रहालयात, काचेआड, दोरीपलीकडे, 'हात लावू नये' या पाटीच्या शेजारी. घरातल्या भिंतीवर असते ते कॅलेंडर. त्यामुळे चित्राबद्दल बोलायची आपल्या जिभेला सवय नाही. आणि सवय नाही म्हणून आपण धरून चालतो, की आपल्याला तो अधिकारही नाही.

मी चित्रकलेची विद्यार्थिनी नाही. मराठी साहित्य घेऊन बी.ए. करते आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक घर आणि एक नारळाचे झाड यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. पण गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या, सहलीच्या आणि शिबिराच्या निमित्ताने कोल्हापूर, औंध, म्हैसूर आणि दिल्ली अशा चार ठिकाणची संग्रहालये पाहण्याचा योग आला. तेथे काही चित्रांपुढे पाय अडले. ते का अडले, एवढेच येथे सांगायचे आहे.

कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. सी.पी.आर. रुग्णालयासमोरच्या बागेतली ती दगडी, टोकदार शिखरांची इमारत. आत ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आहेत, शस्त्रे आहेत आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रे आहेत. गर्दी असते ती तलवारींपुढे. चित्रांच्या बाजूला निवांतपणा असतो, आणि तेथेच मला आबालाल रहिमान भेटले.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तेथे राहते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळवते. पण ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू छत्रपतींचा आश्रय त्यांना लाभला. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी भोवतालचा निसर्ग रंगवला आणि १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात.

त्यांच्या एका लहानशा निसर्गचित्रातल्या पाण्यापुढे मी थांबले. पाणी निळे असते असे आपण चित्रकलेच्या तासाला शिकतो. या पाण्यात निळा शोधावा लागत होता. झाडांच्या सावलीत ते जवळजवळ काळे होते, मध्ये राखी, आणि आकाश उतरले होते तेथे फिकट गुलाबी साय धरल्यासारखे. त्याच संध्याकाळी रंकाळ्यावर गेले. रंकाळा मी लहानपणापासून पाहते आहे; भेळ खाण्याची जागा म्हणून तो मला चांगला परिचयाचा आहे. त्या दिवशी भेळेचा कागद हातात तसाच राहिला. पाणी खरोखरच काळे, राखी आणि गुलाबी होते. चित्र पाहून झाल्यावर जग थोडे निराळे दिसू लागणे, ही चित्राने दिलेली माझी पहिली ओळख.

औंधची गोष्ट याहून वेगळी. सातारा जिल्ह्यातले हे एके काळचे छोटेसे संस्थान. त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. राजाने पैसा कशावर खर्च करावा याबद्दल त्यांच्या कल्पना काही और असाव्यात. यमाईच्या डोंगराच्या उतारावर १९३८ मध्ये त्यांनी श्री भवानी संग्रहालय उभे केले. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे तेथे आहेत. इतकेच काय, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे शिल्पही या संग्रहात आहे. परदेशातल्या मोठमोठ्या शहरांनी अभिमानाने मिरवावे असे शिल्प आणि आपण त्याच्यापासून एस.टी.च्या अंतरावर!

औंधला येणारी बहुतेक माणसे यमाईच्या दर्शनाला येतात आणि जाता जाता संग्रहालयात डोकावतात. आम्ही गेलो त्या दिवशी अशाच एका खेड्यातल्या बायका आल्या होत्या. कपाळभर कुंकू, हातात नारळाच्या पिशव्या. रविवर्म्याच्या एका पौराणिक चित्रासमोर त्यांतल्या एका आजींनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. शेजारी उभा असलेला एक तरुण हसून म्हणाला, "आजी, देव नाही तो. चित्र आहे."

आजी शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय की मला. पर हात जोडाय पैसं पडत्यात व्हय?" मग बरोबरच्या नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "काठ बघ की गं लुगड्याचा. खरी जर वाटतीया. चिमटीत धरावी वाटतीया."

पुढे ग्रंथालयात रविवर्म्याविषयी जे काही वाचायला मिळाले, त्यात तैलरंगांतून वस्त्रांचा पोत, जरीची झळाळी आणि दागिन्यांचा जडपणा साक्षात उभा करण्याच्या त्याच्या हातोटीचे वर्णन पानोपानी होते. आजींना ते पुस्तकाशिवाय कळले होते. आणि त्यांनी हात जोडले यातही नवल नाही. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचल्या. आजींच्या माजघरातही त्यांतलीच एखादी पिवळी पडलेली तसबीर असेल. त्या दिवशी त्यांना एवढेच दिसले, की तसबिरीत जी जर नुसती पिवळी होती ती येथे चमकते आहे. छापील प्रत आणि अस्सल चित्र यांतला फरक एवढ्या थोड्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता. तो तरुण मात्र तोवर पुढच्या दालनात जाऊन मोबाईलवर फोटो काढत होता.

म्हैसूरला बारावीनंतरच्या सुट्टीत घरच्यांबरोबर गेले होते. तेथल्या जगन्मोहन राजवाड्यात १९१५ पासून चित्रसंग्रहालय आहे. रविवर्म्याचा तो प्रसिद्ध वाद्यवृंद तेथेच आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या वेशभूषेतल्या स्त्रिया एकाच बैठकीत जमल्या आहेत, पण प्रत्येकीची नजर वेगळीकडे. तरीही लोक शोधत येतात ते एकच चित्र. एका हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. 'ग्लो ऑफ होप' हे त्याचे नाव. आशेचा उजेड म्हणू या. माझ्या शेजारच्या कुटुंबातले गृहस्थ मुलांना ठामपणे सांगत होते, "हे रविवर्म्याचं." असा समज पुष्कळांचा आहे. रविवर्मा १९०६ मध्येच वारला आणि हे चित्र रंगले ते १९४५-४६ च्या सुमारास. चित्रकार आपल्या सावंतवाडीचे, सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दिवाळीत आपल्या मुलीच्या हातात दिवा पाहून त्यांना हे चित्र सुचले आणि तिलाच समोर उभे करून त्यांनी ते काढले.

त्या चित्रापुढे मी पहिल्यांदा काय पाहिले असेल तर तिची बोटे. ज्योतीसमोर धरलेल्या पंजाच्या कडा लालसर उजळल्या आहेत. आतून रक्त दिसावे तशा. वीज गेली की आम्ही भावंडे बॅटरीवर तळहात दाबून हाच लाल रंग पाहत बसायचो आणि एकमेकांना घाबरवायचो. चाळीसच्या दशकातल्या एका चित्रकाराने तोच लाल पाहिला होता, या विचाराने मला एकदम आनंद झाला. कोणीतरी आपल्या लहानपणाला दुजोरा द्यावा तसा.

पण खरे आश्चर्य पुढे होते. हे चित्र जलरंगातले आहे. आमच्या महाविद्यालयातल्या एका चित्रकार मित्राने मला नंतर समजावून सांगितले, की तैलरंगात काळ्यावरही पांढरा चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तसे चालत नाही. तेथे सर्वांत उजळ रंग म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. एकदा तो झाकला की गेला. म्हणजे त्या दिव्याचा उजेड हळदणकरांनी रंगवलेला नाही, राखलेला आहे. भोवतीचा सगळा अंधार रंगवत आणला आणि ज्योतीपुरता कागद वाचवला. हे ऐकल्यावर ती आडोसा धरणारी बाई मला दुप्पट आवडू लागली. ती ज्योत राखते आहे आणि चित्रकारही तेच करतो आहे. ज्यांना समोर उभे करून हे चित्र झाले त्या कन्या पुढे कोल्हापुरात राहत होत्या. २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. चित्रातल्या दिव्याला मात्र अजून वारा लागलेला नाही.

आता दिल्ली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेलो असताना एक दुपार मोकळी मिळाली. बाकीचे खरेदीला गेले आणि आम्ही तिघीजणी जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात अमृता शेरगिलच्या चित्रांचा फार मोठा संग्रह आहे. अमृताचा जन्म १९१३ चा, बुडापेस्टचा. चित्रकलेचे शिक्षण पॅरिसला. १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली आणि १९४१ मध्ये लाहोरला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गेली. तिचे 'तीन मुली' हे १९३५ चे चित्र. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले होते.

चित्रात म्हटले तर काहीच घडत नाही. तीन मुली जवळजवळ बसल्या आहेत. नजरा खाली. मागे ना खोली, ना खिडकी, ना झाड. आम्हीही तिघी, म्हणून सुरुवातीला थोडी चेष्टा झाली. मग आम्ही गप्प झालो.

मला माझी एक मैत्रीण आठवली. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. एस.टी.च्या कंडक्टरने सुटे पैसे परत दिले नाहीत तर भर गाडीत त्याच्याशी भांडणारी ही मुलगी. एका रविवारी तिला पाहायला पाहुणे आले. मला तिच्याजवळ बसवले होते. मावशीची साडी, पावडर, हातात पोह्यांचा ट्रे. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक काय काय येतो. ती खाली पाहून उत्तरे देत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. रागही नव्हता. आतला माणूस काही वेळापुरता उठून दुसरीकडे जावा तसे काहीसे होते. ती पुढे महाविद्यालयात आली नाही. आमच्या प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर तिचे नाव असायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

परत आल्यावर हे सगळे मी आमच्या एका सरांना सांगितले. सरांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तू चित्र पाहिलंस की मैत्रीण?"

हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. सरांचे म्हणणे असे, की प्रत्येकाने आपापली आठवण चित्रावर लादली तर चित्र उरणारच नाही, आरसा उरेल. रंगांची मांडणी, आकारांचा साधेपणा, पॅरिसमध्ये शिकून आलेल्या हाताने भारतीय चेहऱ्यांसाठी शोधलेली नवी भाषा, हे आधी पाहायला हवे. सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आठवणीचे काय, ती कॅलेंडरवरच्या चित्रानेही येते.

पण मी त्यांना जे उत्तर नंतर दिले ते येथेही देते. आठवण आली आणि मी तिच्याबरोबर निघून गेले असते, तर सरांचे म्हणणे खरे ठरले असते. झाले उलटे. मैत्रिणीची आठवण आल्यावर मी पुन्हा चित्राकडे पाहिले आणि मग मला दिसले, की या तिघी इतक्या जवळ बसूनही एकमेकींकडे पाहत नाहीत. एकीच्या सोबतीचा दुसरीला उपयोग नाही. मला दिसले, की मागे खोली दाखवलेली नाही, म्हणजे उठून जायला दारही नाही. मला दिसले, की कपड्यांचे लाल, हिरवे, मातकट रंग ऊबदार आहेत आणि त्या उबेत चेहरे तेवढे थंड आहेत. अमृताने त्यांना रडवलेले नाही, आपली दया मागायला लावलेली नाही. सरांनी सांगितलेली रंगांची मांडणी मला दिसली ती मैत्रिणीच्या वाटेने. मी पाहुण्यांच्या बैठकीत तिच्याजवळ बसले नसते, तर 'तीन मुली बसल्या आहेत' एवढेच पाहून पुढच्या दालनात गेले असते.

तेव्हा चित्र पाहून मनात येते ते खरे की नुसती मनाची भरारी, याची माझ्यापुरती एक कसोटी मी ठरवली आहे. जे मनात आले ते मला चित्रापासून दूर नेते की चित्राकडे परत आणते? आजींची भक्ती त्यांना जरीच्या काठापर्यंत घेऊन गेली. बॅटरीच्या खेळाने मला ज्योतीपर्यंत नेले. परत आणणारी आठवण चित्राचीच मानावी. बाकीच्या आठवणी घरी बसूनही येतात.

ही कसोटी जेथे लागूच पडत नाही असेही एक चित्र त्याच दुपारी भेटले, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. वासुदेव गायतोंडे यांचे. जन्म १९२४, नागपूर, जे. जे. चे विद्यार्थी, मृत्यू २००१. त्यांच्या चित्राला 'काय आहे हे?' असे विचारायची सोय नाही. माणूस नाही, झाड नाही, वस्तू नाही. नुसता रंग, आणि त्यात तरंगल्यासारख्या काही खुणा. कोणतीही आठवण मदतीला आली नाही. पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसले, एवढेच खरे. भर उन्हातून माजघरात आले की आधी काही दिसत नाही आणि मग हळूहळू उतरंड, फडताळ, कोनाडा एकेक उमटू लागतो. तसे त्या चित्राचे झाले. एक वाटणारा रंग एक नव्हता. त्याच्याखाली दुसरा होता आणि त्याच्याही खालून कोठून तरी उजेड येत होता. आलापाला आपण कधी 'अर्थ काय?' असे विचारत नाही; स्वर लागला, एवढे पुरते. त्या बाकावर स्वर लागला होता, एवढेच मी म्हणेन.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, 'आपल्याला काय कळतंय त्यातलं' हे वाक्य निदान आपण तरी टाकून द्यावे असे मला वाटते. माहिती हवीच. हळदणकरांचे नाव माहीत नसले तर त्यांचे चित्र रविवर्म्याच्या खात्यावर जमा होते, आणि जलरंगाची जात माहीत नसली तर राखलेला उजेड दिसत नाही. पण माहिती वाचनालयात केव्हाही मिळते. चित्रासमोर उभे राहायला मात्र तेथे जावे लागते, आणि तेथे गेल्यावर थांबावे लागते. एका दुपारी दोनशे चित्रे 'करण्या'पेक्षा एक निवडावे. आधी पाटी वाचू नये. आधी पाहावे, मग वाचावे, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पाहावे. या तिसऱ्या पाहण्यात खरी गंमत आहे.

आपल्या सहलींत किल्ले असतात, धरणे असतात, समुद्र असतो. पुढच्या वर्षी त्यांत औंधसाठी एक दिवस काढता येईल का, अशी प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे. जे जातील त्यांनी परत येऊन आपल्याला काय दिसले ते या अंकात लिहावे. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध लिहिले तर अधिकच चांगले. मग पुन्हा एकदा औंधला जाऊन पाहायला मला निमित्त मिळेल.